जत्रेचं नाटक लाइव्ह करताना: उशीर कुठे होतो, चित्र का अडकतं

प्रश्न थोडक्यात असा. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका गावात जत्रेच्या रात्री गावच्याच मंडळाचं संगीत नाटक असतं. गेल्या वर्षी ते आखातातल्या गावकऱ्यांसाठी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, ओबीएस या लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरमधून, १०८० रेझोल्यूशन आणि ६००० केबीपीएस (सेकंदाला किती किलोबिट डेटा जातो ते माप, म्हणजेच बिटरेट) लावून आरटीएमपीनं यूट्यूबवर लाइव्ह केलं. चित्र सारखं अडकत होतं. शिवाय बाहेरच्या मांडवात लावलेल्या टीव्हीवर तोच यूट्यूबचा लाइव्ह दाखवला, तर रंगमंचावर पद संपून टाळ्या पडल्या तरी टीव्हीवर गायक अजून आलापातच. आरटीएमपी हा चित्र नेटवरून पाठवायचा एक प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली पद्धत; त्याऐवजी कोणी सांगतं एसआरटी घ्या, कोणी सांगतं वेबआरटीसी. काय घ्यावं?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. मांडवातल्या टीव्हीचं आधी उरकून टाकतो, कारण ते सोपं आहे: तो टीव्ही इंटरनेटवर लावूच नका. रंगमंचापासून मांडव पन्नास पावलांवर आणि चित्र मात्र दूरच्या डेटासेंटरमध्ये जाऊन परत येणार, यात काही अर्थ नाही. कॅमेऱ्याचं किंवा स्विचरचं एचडीएमआय आउटपुट स्प्लिटरनं फोडा. एक वायर लॅपटॉपच्या कॅप्चर कार्डाला (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारा डबा), दुसरी टीव्हीकडे. साधी एचडीएमआय केबल दहा-बारा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, चित्रात ठिपके चमकू लागतात किंवा पडदा मधूनच काळा होतो. त्यापुढे एचडीएमआयचं एसडीआयमध्ये (लांब केबलवर चालणारा व्हिडिओ सिग्नल) रूपांतर करून कोएक्स केबल टाका किंवा कॅट-६ वर चालणारा एक्स्टेंडर वापरा. उशीर काही फ्रेम्सचा, म्हणजे जाणवेल न जाणवेल इतका. नेटवर्कवरूनच न्यायचं असेल तर एनडीआय ही स्थानिक नेटवर्कवरून चित्र न्यायची पद्धत आहे, पण पूर्ण प्रतीचा एनडीआय एका १०८० चित्राला शंभराच्या वर एमबीपीएस घेतो. त्याला गिगाबिट स्विच आणि वायर लागते, वायफायवर तो चालवू नये.

आता मुख्य गोष्ट. कॅमेऱ्यापासून दुबईतल्या प्रेक्षकाच्या फोनपर्यंतच्या वाटेचे दोन टप्पे असतात. पहिला तुमच्या लॅपटॉपपासून सर्व्हरपर्यंत: पाठवणारा एक, घेणारा एक. दुसरा सर्व्हरपासून प्रेक्षकांपर्यंत: एकाकडून हजारोंकडे. आरटीएमपी आणि एसआरटी पहिल्या टप्प्याचे, एचएलएस आणि डॅश दुसऱ्या टप्प्याचे, त्यामुळे ‘आरटीएमपी चांगलं की एचएलएस’ ही तुलनाच होत नाही. आणि प्रोटोकॉल कुठलाही घ्या, त्याचा स्वभाव एकाच गोष्टीवरून कळतो: वाटेत एखादं पॅकेट (डेटाचं छोटं पुडकं) हरवलं तर तो काय करतो आणि त्यासाठी किती वेळ थांबायला तयार असतो. उशीर ही त्या थांबण्याची किंमत आहे.

आरटीएमपी मूळ मॅक्रोमीडियाचा, फ्लॅश प्लेअरसाठी केलेला. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झाला, त्यामुळे ब्राउझरमध्ये आरटीएमपी पाहायची सोय संपली. पाठवण्याच्या टप्प्यात मात्र तो अजून ठाण मांडून आहे, कारण जवळजवळ प्रत्येक एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर किंवा यंत्र) आणि सेवा तो बोलते. तो टीसीपीवर, म्हणजे प्रत्येक पॅकेट पोचल्याची खात्री करणाऱ्या वाहतुकीवर, चालतो, पोर्ट १९३५. टीसीपीचा नियम असा की एक पॅकेट हरवलं तर ते पुन्हा येईपर्यंत मागची पोचलेली पॅकेट्सही पुढे सोडायची नाहीत. अरुंद पाणंदीत पालखी थांबली की मागची सगळी दिंडी थांबते, तसं. फायबरवर हे फारसं घडत नाही. गर्दीतल्या मोबाइल टॉवरवर सतत घडतं.

अडलेला डेटा साचत गेला की ओबीएस तो अनंतकाळ धरून ठेवत नाही. रांग पाऊण सेकंदाच्या आसपास गेली की फ्रेम्स टाकायला सुरुवात होते: आधी ज्यांच्यावर दुसरी कुठली फ्रेम अवलंबून नाही अशा, आणि रांग आणखी वाढली तर पुढच्या कीफ्रेमपर्यंतच्या सगळ्या. कीफ्रेम म्हणजे स्वतःपुरतं पूर्ण चित्र. तिच्या मधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं एवढंच असतं. म्हणून कीफ्रेम दर २ सेकंदांनी असेल तर एका अडथळ्यानंतर जास्तीत जास्त दोनेक सेकंद चित्र गोठतं. ओबीएसमध्ये कीफ्रेम इंटरव्हल शून्य, म्हणजे ऑटो, ठेवलं तर एक्स२६४ एन्कोडर २५० फ्रेम्सपर्यंत थांबू शकतो. ३० फ्रेम्सच्या हिशेबानं ते सव्वाआठ सेकंद झाले. तुमचा नट हात उंचावून आठ सेकंद तसाच उभा राहिला असेल तर बहुतेक हेच झालं. सेटिंगमध्ये सेवा म्हणून यूट्यूब निवडलं तर ओबीएस हा आकडा स्वतःच २ वर आणतं. ‘कस्टम’ निवडून पत्ता हातानं टाकणारे मात्र यात फसतात.

पण खरं सांगायचं तर ६००० केबीपीएस आणि हॉटस्पॉट हे ऐकूनच निम्मं निदान झालं. व्हिडिओ आणि आवाज मिळून ६.१ एमबीपीएस म्हणजे तासाला सुमारे पावणेतीन जीबी. दिवसाला २ जीबीचा प्लॅन असेल तर तो पाऊण तासही पुरत नाही. नाटक साडेदहाला सुरू झालं, की सव्वाअकराच्या सुमारास कोटा संपतो, वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि चित्र मरतं. मध्यरात्री बाराला नव्या दिवसाचा कोटा मिळाला की ते आपोआप उठून बसतं. लोक म्हणतात देवानं उजवा कौल दिला! ‘अमर्याद ५जी’ च्या प्लॅनवरही विसंबू नका. फोन ४जीवर घसरला की तोच दैनिक कोटा मोजायला लागतो, आणि गर्दीत फोन घसरतोच.

दुसरी चूक स्पीडटेस्टची. दुपारी चार वाजता मोकळ्या प्राकारात उभं राहून मोजलेला अपलोड रात्रीच्या नाटकाला काही कामाचा नाही. रात्री तोच टॉवर पाच हजार फोनांचा असतो आणि त्यातला प्रत्येक जण पालखीचा व्हिडिओ वर पाठवत असतो. जत्रेत अडतो तो अपलोडच. मोजायचं असेल तर आदल्या रात्री, सलग दहा मिनिटं, आणि सर्वांत खालचा आकडा धरायचा, सरासरी नव्हे. त्या खालच्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त बिटरेट लावू नका.

सर्वांत चांगला मार्ग फायबरचा: देवस्थानच्या कार्यालयातला किंवा शेजारच्या घरातला. तिथून ओबीएसच्या टेबलापर्यंत कॅट-६ केबल शंभर मीटरपर्यंत चालते, त्याहून लांब असेल तर दोन मीडिया कन्व्हर्टर आणि मध्ये फायबर. केबल लोकांच्या पायाखालून नेऊ नका, वरून न्या, आणि फटाक्यांची जागा टाळा. फायबर मिळालं तर आरटीएमपीच ठेवा, एसआरटीच्या फंदात पडायचं कारण नाही. फक्त साध्या आरटीएमपीऐवजी आरटीएमपीएस निवडा. साध्यात स्ट्रीम की, म्हणजे तुमच्या चॅनेलवर लाइव्ह पाठवायची गुप्त किल्ली, उघडी जाते. आणि ती की मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ज्याच्या हाती की, तो तुमच्या चॅनेलवर काहीही दाखवू शकतो.

फायबर मिळणारच नसेल, तर एसआरटीचा विचार करा. हाइव्हिजन कंपनीनं तो बनवला आणि २०१७ साली खुला केला. तो यूडीपीवर, म्हणजे कोणासाठी न थांबणाऱ्या वाहतुकीवर, चालतो; दिंडी थांबत नाही. प्रत्येक पॅकेटला क्रमांक असतो. घेणाऱ्याला मधला क्रमांक दिसला नाही की तो तेवढंच पॅकेट परत मागतो. यासाठी तुम्ही त्याला आधीच एक मुदत देऊन ठेवता, तिला लेटन्सी म्हणतात. त्या मुदतीत पॅकेट आलं तर उत्तम, नाही तर ते सोडून पुढे. चित्रात क्षणभर चौकोन दिसतील, पण सगळं ठप्प होणार नाही.

मुदत किती द्यायची हे पिंगवर, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवर, ठरतं. मूळ सेटिंग १२० मिलिसेकंदांचं असतं, ते चांगल्या वायरवरच्या जोडणीला ठीक. साधारण पिंगच्या चौपट द्यावी, म्हणजे हरवलेलं पॅकेट मागून परत येण्याच्या तीन-चार फेऱ्या बसतात. पिंग ४० असेल तर १६०. पण मोबाइलवर पिंग ४० वरून ४०० वर उडी मारतो, तेव्हा सरळ २००० मिलिसेकंद द्या. यूट्यूबला पुढे वीस-तीस सेकंद उशीर होणारच आहे, त्यात तुमचे दोन कोणाला कळणार? यातली एक खोच मात्र लक्षात ठेवा. ओबीएसच्या एसआरटी पत्त्यात लेटन्सी मायक्रोसेकंदांत लिहायची असते. २००० लिहिलंत तर ती दोन मिलिसेकंद होते. समोरच्या टोकाला १२० असतील तर दोघांतला मोठा आकडा, म्हणजे १२०, लागू होतो आणि ‘एसआरटी लावूनही काही फरक नाही’ अशी तक्रार सुरू होते. दोन सेकंदांसाठी २०,००,००० लिहायचं. परत मागवलेल्या पॅकेट्ससाठी बिटरेटच्या वर किमान पंचवीस टक्के जागाही मोकळी ठेवावी लागते. अपलोडच कमी असेल तर एसआरटी ही जागा निर्माण करू शकत नाही.

आणखी एक अडचण अशी की यूट्यूबच्या लाइव्हच्या पानावर एसआरटीचा पत्ता मिळत नाही. मध्ये स्वतःचा सर्व्हर लागतो. मुंबईतल्या डेटासेंटरमधलं भाड्याचं छोटं मशीन एका रात्रीपुरतं घ्या, त्यावर मीडियाएमटीएक्स (स्ट्रीम घेणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) बसवा आणि आलेला स्ट्रीम एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरनं आहे तसाच, पुन्हा एन्कोड न करता, यूट्यूबकडे आरटीएमपीएसनं ढकला. एन्कोड करायचं नसल्यामुळे एका कोअरचं मशीनही पुरतं. मशीन लिसनर (जोडणीची वाट पाहणारं), तुमचा लॅपटॉप कॉलर (जोडणी लावणारा). उलटं करता येत नाही, कारण मोबाइल सिमला सहसा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, बाहेरून कोणी त्याला गाठू शकत नाही. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडताना यूडीपी निवडा. मीडियाएमटीएक्सचं नेहमीचं एसआरटी पोर्ट ८८९० आहे. सवयीनं टीसीपी उघडून तासभर डोकं खाजवत बसणारे बरेच. पासफ्रेज लावलात तर ती किमान दहा अक्षरांची हवी.

आता दुसरा टप्पा, जिथे तुमचा अर्धा मिनिट जातो. एचएलएस अ‍ॅपलनं २००९ साली आणला. कल्पना इतकी साधी की ती इतकी टिकली याचं नवल वाटत नाही. चालू चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा साधी फाइल, आणि शेजारी एक मजकुराची यादी: आत्ताचे तुकडे कुठले, प्रत्येक किती सेकंदांचा, पहिल्याचा क्रमांक काय. प्लेअर दर काही सेकंदांनी ती यादी पुन्हा उचलतो, नवा तुकडा दिसला की आणतो. हरवण्याचा प्रश्नच मिटला, कारण ही नेहमीची वेबसाइटची वाहतूक आहे. फाइल असल्यामुळे ती वाटेतल्या कॅशमध्ये (प्रेक्षकाजवळच्या सर्व्हरवरच्या साठ्यात) ठेवता येते. मस्कतमध्ये दोनशे जण पाहत असले तर दोनशे वेळा भारतातून न्यायला नको. शिवाय प्रत्येक तुकडा तीन-चार प्रतींत बनवलेला असतो, नेट मंदावलं की प्लेअर पुढचा तुकडा खालच्या प्रतीचा घेतो. डॅशचं तत्त्व तेच, फक्त ते २०१२ साली आयएसओचं मानक म्हणून आलं.

किंमत अशी. तुकडा ६ सेकंदांचा धरा. तो पूर्ण तयार झाल्याशिवाय यादीत येत नाही. प्लेअर सुरुवात करतो ती शेवटच्या टोकापासून तीन तुकडे मागे, म्हणजे अठरा सेकंद तिथेच गेले. त्यात तुमचं एन्कोडिंग, सर्व्हरवर वेगवेगळ्या प्रती बनवणं आणि वाटेतली वितरण यंत्रणा मिळवा, पंचवीस-तीस सेकंद होतात. पहिल्या टप्प्यात आरटीएमपी काढून एसआरटी लावलात तर यातला फार तर एखादा सेकंद हलेल, कधी उलट वाढेल. यूट्यूबवर लेटन्सीचे तीन पर्याय आहेत: नॉर्मल, लो आणि अल्ट्रा लो. अल्ट्रा लो लावला की प्लेअरकडचा साठा आटतो, आणि मग थोडं नेट हललं तरी गोल चक्र फिरतं. आखातातला प्रेक्षक रंगमंच बघत नसतो, त्याला उशीर कळतच नाही. अडकलेलं मात्र कळतं. नाटकाला नॉर्मल ठेवा.

मग वेबआरटीसी कशासाठी? जिथे पलीकडून उत्तर यायचं असतं तिथे. जत्रेतलंच उदाहरण घ्या: पावणी, म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव. फळांची पावणी चालू असताना शारजातला कोणी गावकरी बोली लावू इच्छितो. तीस सेकंद मागे असलेल्या यूट्यूबवर त्यानं पाच हजार लिहिले, तोवर इकडे तिसऱ्यांदा पुकारून नारळ दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो. इथे अर्ध्या सेकंदाच्या आतली जोडणी हवी आणि ती वेबआरटीसीच देतो. तो हरवलेल्या पॅकेटसाठी फार थांबत नाही, गरज पडली तर चित्राची प्रत खाली आणतो, पण वेळ पाळतो. यासाठी खास काही उभारायला नको, ब्राउझरमधला साधा व्हिडिओ कॉल हा वेबआरटीसीच असतो. फक्त आखातातल्या काही देशांत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल लागत नाहीत, तेव्हा कुठला कॉल चालतो ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

तीनशे प्रेक्षकांना वेबआरटीसीनं नाटक दाखवायला जाऊ नका. तिथे प्रत्येक प्रेक्षकाची जोडणी स्वतंत्र असते. अडीच एमबीपीएसनं तीनशे जण म्हणजे सर्व्हरमधून सलग ७५० एमबीपीएस बाहेर, तेही कॅशच्या आधाराशिवाय. आणि संगीताचं वेगळंच दुखणं. कॉलचं सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं ऐकायला बनवलेलं, तंबोऱ्याचा सलग स्वर त्याला पंख्याची घरघर वाटते आणि ते तो पुसून टाकतं. ऑर्गनचा लांब सूर असाच विरतो. इको कॅन्सलेशन, नॉइज सप्रेशन आणि ऑटो गेन हे तिन्ही बंद केल्याशिवाय गाणं त्यातून पाठवू नये. ओबीएसच्या ३० व्या आवृत्तीपासून व्हिप नावाच्या पद्धतीनं वेबआरटीसी पाठवता येतो, पण तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

गाभाऱ्यातल्या सीसीटीव्हीचं दर्शन अधूनमधून दाखवायचं म्हणालात तर तो कॅमेरा आरटीएसपी हा सीसीटीव्हीचा नेहमीचा प्रोटोकॉल बोलतो, पोर्ट ५५४. ओबीएसमध्ये मीडिया सोर्स म्हणून त्याचा पत्ता टाकता येतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओचा प्रकार एच.२६५ असेल तर एच.२६४ करा, लॅपटॉप हलका चालेल. राउटरमधून ५५४ बाहेरच्या जगाला उघडू नका, विशेषतः पासवर्ड कारखान्याचाच असेल तर.

आता यंदासाठी सेटिंग. रेझोल्यूशन १२८० गुणिले ७२०. बिटरेट सीबीआर (कायम एकसारखा), ३००० केबीपीएस, कीफ्रेम २ सेकंद, एक्स२६४ चा प्रीसेट व्हेरीफास्ट, आवाज एएसी १२८ केबीपीएस, ४८ किलोहर्ट्झ. तासाला सुमारे १.४ जीबी, साडेतीन तासांच्या नाटकाला पाच जीबी धरा. फ्रेम्स सेकंदाला २५, शटर पन्नासांश. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेम्स आणि साठांश शटर लावलं तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीच्या उजेडात चित्रावर काळे पट्टे सरकत राहतात, आणि नेपथ्याच्या पांढऱ्या कापडावर ते फार दिसतात.

आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्या, पण मेन आउटमधून नको. तबला समोर तसाच मोठा ऐकू येतो म्हणून साउंडवाला त्याची पातळी खाली ठेवतो, तुमच्या स्ट्रीममध्ये मग तबलाच नसतो. वेगळा ऑक्स (स्वतंत्र पातळ्या ठेवता येतात असं आउटपुट) मागा. लाइन पातळीचा सिग्नल लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातलात तर आवाज फाटतो, साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. घूंऽऽ असा आवाज आला तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. नंतर ओठ जुळतात का ते पाहा: कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि फ्रेम फ्रेम पुढे सरकवा. आवाज तळवे भिडण्याच्या तीन फ्रेम्स आधी आला तर २५ च्या हिशेबानं ३ गुणिले ४०, म्हणजे १२० मिलिसेकंद. तेवढा सिंक ऑफसेट आवाजाला द्या. कॅप्चर कार्ड चित्राला मागे ठेवतं, आवाज सरळ येतो, म्हणून बहुधा आवाजच थांबवावा लागतो.

लाइट जाणार हे धरूनच चाला. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटर आणि फायबरच्या डब्याला नसते, त्यांना छोटा यूपीएस द्या. यूट्यूबमध्ये ‘ऑटो-स्टॉप’ बंद ठेवा. ते चालू राहिलं आणि तुमचा सिग्नल काही काळ तुटला, तर यूट्यूब कार्यक्रम संपला असं समजतं आणि वाटलेली लिंक वाया जाते. बंद असेल तर ओबीएस पुन्हा जोडलं की त्याच लिंकवर नाटक पुढे सुरू होतं. शेजारी लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही चालू ठेवा, एमकेव्हीमध्ये. साध्या एमपी४ मध्ये मशीन मध्येच बंद पडलं तर पूर्ण फाइल हातची जाते. दुसऱ्या अंकाआधीच्या मध्यंतरात साउंडवाला जुन्या रेकॉर्डमधली पदं लावतो, तेवढा वेळ स्ट्रीमचा आवाज बंद करा, नाहीतर कॉपीराइटचा दावा येतो आणि कधी स्ट्रीमच अडवला जातो. चॅनेल नवं असेल तर लाइव्हची परवानगी मिळायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात, जत्रेच्या दिवशी बटण दाबायला जाऊ नका.

आणि श्रावणातला चोवीस तासांचा भजनी सप्ताह याच पद्धतीनं करणार असाल, तर एकच सलग स्ट्रीम ठेवू नका. बारा तासांच्या वर गेलेला लाइव्ह यूट्यूब आपोआप जपून ठेवत नाही. साडेअकरा तासांनी, एक पार, म्हणजे भजनाची पाळी, संपून दुसरं भजनी पथक बसतं त्या मधल्या वेळेत, पहिला बंद करून दुसरा सुरू करा. त्याची लिंक आधीच बनवून पहिल्याच्या वर्णनात टाकून ठेवा.